३६ इंची गॅस चारब्रॉयलर, मालवण: पावसाळी कामाच्या नोंदी

४ जून

१ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत बोटी वर ओढलेल्या, त्यामुळे आमच्याकडे रात्रीची टेबलं निम्मी पण भरत नाहीत. चारब्रॉयलर म्हणजे गॅसची ग्रिल, ती पूर्ण खोलायची तर हेच दोन महिने. कोकणात हॉटेल चालवणाऱ्या अजून दोघातिघांनी असलंच मशीन घेतलंय आणि सगळ्यांची रड सारखीच आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

मशीन सेकंडहँड आहे, गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलं तिथनं आणलेलं. टेबलटॉप, सहा सरळ पाइपाचे बर्नर, प्रत्येक बर्नरवर उलट्या व्हीसारखा बिडाचा रेडियंट, त्यावर बिडाच्या जाळ्या, खाली तेलाचा ट्रे. रेडियंट तापतो, मासा त्याच्या धगीवर भाजतो, आणि गळलेलं तेल रेडियंटवर पडून जो धूर होतो त्याची चव.

तक्रारी तीन. डावीकडचे दोन बर्नर पिवळे जळतात आणि सुरमईला काजळीचा वास येतो. उजवीकडे बांगडा टाकला की भडका. आणि सगळे नॉब थोडेसेच उघडले तरी भट्टीसारखा घर्र आवाज. कुकचं म्हणणं, जाळी घाण झाली, धुतली की सुटेल. माझंही तेच मत होतं आणि आधीच्या मालकाने पण बहुतेक तेवढंच केलं असणार, कारण जाळ्या तेवढ्या बऱ्या आहेत आणि त्याच्या खालचं सगळं भयाण.

६ जून

खोलायच्या आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग एक बर्नर पेटता ठेवून लाइनमधला गॅस जळू दिला, तो आपोआप विझल्यावर सगळे नॉब बंद. पायलट, म्हणजे बर्नर पेटवायला सतत जळणारी छोटी ज्योत, ती पण. मग गार होऊ दिलं, आणि गार म्हणजे खरंच गार, बीड दोन तास तरी धग धरून असतं, वरून काळं दिसतं म्हणून हात लावायला जाऊ नका.

हे सगळं सकाळी करा. रात्री सर्व्हिस संपल्यावर पोरं दमलेली असतात, घाईत गरम जाळीवर बादली ओततात. आमची डावीकडची एक जाळी अशीच तडकलेली निघाली, मधोमध केसाएवढी भेग. कुकने बघितली आणि म्हणाला, "गरम बिडार पाणी मारल्यार तडकतलाच." बरोबर आहे, पण हे त्याने पोरांना सीझनमध्ये सांगायला हवं होतं.

७ जून

जाळ्या. यात फार सांगण्यासारखं नाही, फक्त काय करू नये ते सांगतो.

वायर ब्रश बंद केला. तार तुटते, जाळीला चिकटून राहते, तिथून माशात आणि तिथून गिऱ्हाइकाच्या घशात. अमेरिकेत २०१२ साली सरकारी आरोग्य खात्याच्या साप्ताहिकात अशा पेशंटच्या केसेस छापून आल्या होत्या, कुणाच्या गळ्यात तार रुतलेली, कुणाच्या आतड्याला भोक. मासा खाणारा माणूस काटा समजून गिळूनच टाकेल. त्याऐवजी लोहाराकडून जाळीच्या खाचेत बसेल अशी पट्टी करून घेतली, आणि कोमट असताना वरून नारळाचं सोडण आणि जाडं मीठ. सोडण फुकट आहे आणि स्टीलच्या घासणीपेक्षा चांगलं चालतं, खरं सांगतो.

जाळीवर फॉइल किंवा ट्रे झाकून फुल गॅसवर 'जाळून साफ' करायची आयडिया व्हिडिओत फार दिसते, ती करू नका. धग खाली कोंडते, रेडियंट वाकतात, नॉबचे व्हॉल्व्ह भाजून निघतात. उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं फुल गॅस पुरतो, चिकटलेलं सगळं राख होतं, मग पट्टी मारायची.

दुसरं म्हणजे आमच्याकडे मसाल्यात कोकमाचं आगळ असतं. आंबट बिडाला लागलं की तेलाचा बसलेला काळा थर सुटतो आणि मासा चिकटायला लागतो. जाळीला तेल लावूनही मासा चिकटतो अशी तक्रार असेल तर मसाला बघा, जाळी नाही. आता आम्ही आगळ आधी चोळून मासा निथळतो, वरून ओतत नाही.

साबणाने धुतलीच तर लगेच विस्तवावर सुकवून पातळ तेलाचा हात. या हवेत ओली जाळी रात्रभर ठेवली तर सकाळी तांबडी झालेली असते.

एक गोष्ट जाळ्या उचलल्यावर कळली. या जाळ्यांना दोन बाजू आहेत, एका बाजूला दांड्यांना पन्हळीसारखी खाच आणि पुढे उतार, म्हणजे तेल खाचेतून पुढच्या ट्रेत जातं. उजवीकडच्या दोन जाळ्या उलट्या बसवलेल्या. तेल सरळ रेडियंटवर. भडक्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं, खर्च शून्य.

९ जून

रेडियंट काढले. सहातले दोन चाळणी झालेले, एकाची मधली धार जळून गेलेली, म्हणजे तेल थेट बर्नरच्या भोकांवर. बाकी तिघांवर कोळशासारखा थर. हातोडी मारू नका, बीड आहे, खरवडायचं.

गावातला एक जण म्हणाला कॉस्टिक सोड्यात बुडवा, एका रात्रीत कोरं होतं. होतं, बिडाचं होतं. पोराने मात्र त्याच ड्रममध्ये वरच्या धूर ओढणाऱ्या हूडचे ॲल्युमिनियमचे फिल्टर पण टाकले. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की फसफसून हायड्रोजन सुटतो, जो पेटतो, आणि ड्रम होता मोरीत, शेजारी चुलीवर पाणी तापत होतं. वेळेत लक्षात आलं म्हणून, नाहीतर ही नोंद वेगळी असती. चूल विझवली, दारं उघडली, फिल्टर चिमट्याने बाहेर. दोन्ही फिल्टर काळे पडून खवले निघालेले, भंगारात. कॉस्टिक वापरायचंच असेल तर गार पाण्यात थोडं थोडं सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, रबरी हातमोजे आणि चष्मा, आणि फक्त बीड नाहीतर स्टील. डोळ्यात गेलं तर दवाखान्याआधी नळाखाली, भरपूर वेळ.

१३ जून

बर्नर. सगळ्यात मजा इथे आली.

सहाही बर्नर पुढच्या बाजूने सुटतात, एक एक स्क्रू. दोन स्क्रू गंजून बसलेले, तेलाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवले. हा स्प्रे फक्त स्क्रूला, गॅसच्या व्हॉल्व्हच्या दांडीवर कधीच नाही. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि व्हॉल्व्ह लीक व्हायला लागतो. घट्ट झालेला व्हॉल्व्ह उघडून त्यात उष्णतेचं वेगळं ग्रीस भरतात, ते मिस्त्रीचं काम.

डावीकडून दुसऱ्या बर्नरचं तोंड, म्हणजे जिथे जेट गॅस सोडतो आणि हवा आत ओढली जाते ती जागा, टॉर्च मारून बघितली तर आत मातीचं घर. कुंभारीण. कोकणात भिंतीवर, पुस्तकाच्या पाठीमागे, बंद टीव्हीत, कुठेही ती माशी मातीचं घर बांधते, इथे बर्नरच्या नळीत अंगठ्याएवढ्या तीन खोल्या एकाला एक लागून. स्क्रूड्रायव्हरने फोडलं तर आतून सुकलेले कोळी पडले, हिरवट, पाय दुमडलेले. पिलांसाठी कोळी भरून ठेवते ती. नळीत हवेला जागा चिंचोकाभर राहिलेली. हवा कमी म्हणजे ज्योत पिवळी, पिवळी ज्योत म्हणजे काजळी. वरून जाळी कितीही घासा, सुरमईला वास येणारच.

पहिल्या बर्नरचं कारण वेगळं. हवा कमीजास्त करायची जी गोल चकती असते ती गंजून जवळजवळ बंद अवस्थेत अडकलेली.

बर्नरची भोकं बारीक तारेने एक एक मोकळी केली, मग तोंड खाली करून आपटला, मग फुग्याच्या पंपाने हवा. पाणी घातलं तर नीट सुकवायचं, आत थेंब राहिला की ज्योत उड्या मारते. जेटच्या पितळी भोकात मात्र तार, सुई, ड्रिल काहीही घालायचं नाही. ते भोक मापाचं असतं, जरा मोठं झालं की गॅस जास्त. बंद वाटलं तर सुटं करून पेट्रोलने नाही, साबणाच्या गरम पाण्याने आणि लाकडी टूथपिकने. नाहीच निघालं तर नवीन जेट.

जेटवरचे नंबर मशीनच्या पाटीशी जुळवून घेतले. पाटीवर एलपी, म्हणजे सिलिंडरचा गॅस, असं आहे. शहरात पाइपच्या गॅसवर चाललेलं मशीन आणलं असेल तर हे आधी बघा, पाइपच्या गॅसचे जेट मोठे असतात, ते तसेच सिलिंडरवर लावले तर ज्वाळा हातभर.

१७ जून

सगळं बसवलं, पेटवलं. डावीकडची ज्योत निळी झाली. पण घर्र आवाज तसाच आणि आता स्वच्छ बर्नरवर अजून स्पष्ट दिसलं, ज्योत भोकावर बसतच नाही, वर सुटून नाचते.

कुडाळहून गॅसचा मिस्त्री बोलावला. त्याने आत पाऊल टाकून मशीनकडे बघितलंच नाही, सरळ मागे सिलिंडरकडे गेला. "ह्यो भट्टीचो रेग्युलेटर आसा. ह्येका चलाचो नाय."

आपल्याकडे हॉटेलात चायनीजची भट्टी असते, तिला हाय प्रेशरचा रेग्युलेटर, फिरवून कमीजास्त करायचा. बसवणाऱ्याने त्याच लाइनवर हे मशीन टाकून दिलं. पाटीवर लिहिलेलं होतं, १० इंच पाण्याचा दाब, म्हणजे गॅसच्या दाबाने नळीतल्या पाण्यात साधारण २५ सेंटीमीटरचा फरक पडतो तेवढा. एवढासा. मिस्त्रीकडे मीटर नव्हता, त्याने गाडीतून गवंड्याची लेव्हल पाइप काढली, पारदर्शक, यू करून त्यात पाणी भरलं, एक टोक मॅनिफोल्डच्या, म्हणजे गॅस वाटून देणाऱ्या पाइपच्या, टेस्टच्या भोकाला. सगळ्या ज्योती बंद, मागचं दार उघडं, मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही असं बजावून त्याने व्हॉल्व्ह केसभर उघडला. पाणी नळीतून उडून सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर. लगेच बंद. मोजायला काही उरलंच नाही.

हे घरी करून बघू नका, त्या क्षणाला नळीतून नुसता गॅस येत असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली जमिनीवर साचतो, मोरीत, गटारात, ट्रेखाली, आणि हवेत दोनेक टक्के झाला तरी पेट घेतो.

मग इतके दिवस चाललं कसं? नॉब जेमतेम उघडून. नॉबने गॅस आवरता येतो, दाब दुरुस्त होत नाही. आणि तो दाब नॉबच्या मागच्या व्हॉल्व्हवर चोवीस तास बसलेला, जे व्हॉल्व्ह त्या दाबासाठी बनवलेलेच नाहीत. साबणाचं पाणी लावलं तर तिसऱ्या आणि पाचव्या नॉबच्या दांडीला बुडबुडे. घाणीचा प्रश्न समजून आम्ही घासत बसलो होतो आणि मुळात प्रश्न होता मागच्या भिंतीला.

२४ जून

पाऊस मुसळधार, लाइट येऊनजाऊन, तरी काम झालं.

दोन टप्प्यांचं रेग्युलेशन. सिलिंडरजवळ पहिला, मशीनजवळ लो प्रेशरचा दुसरा, भट्टीची लाइन पूर्ण वेगळी. दोन व्हॉल्व्ह बदलले. सामान आणि मजुरी धरून साडेनऊ हजारांच्या आसपास, यात व्हॉल्व्हच महाग. पैसे वाचवायला घरचा छोटा रेग्युलेटर लावून बघू असं एकाने सुचवलं होतं, तो पुरत नाही, आणि घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरणं बेकायदेशीर ते वेगळंच.

हिशोब असा. आमच्या पाटीप्रमाणे सहाही बर्नर फुल असले तर तासाला दोन किलोच्या आसपास गॅस जातो. म्हणजे १९ किलोचा निळा सिलिंडर नऊ-साडेनऊ तास. पण एकाच सिलिंडरमधून एवढ्या वेगाने ओढला तर तो गार पडतो, बाहेरून घाम येतो, खाली पांढरं दव धरतं, आणि गॅस बाकी असून दाब पडतो. पोरं मग सिलिंडरवर गरम पाणी ओततात नाहीतर आडवा करतात. आडवा तर अजिबात नाही, पातळ गॅस लाइनमध्ये येतो. दोन सिलिंडर एका मॅनिफोल्डला जोडले, दोन्ही एकदम चालू, घाम बंद.

मिस्त्रीने सगळे बर्नर पेटवून परत पाणी मोजलं, २५ सेंटीमीटरला बसवलं. मग हवेच्या चकत्या. पूर्ण बंद करून पिवळं केलं, मग हळूहळू उघडत निळं होईपर्यंत, टोकाला पिवळट कण चालतात. जास्त उघडली की ज्योत सुटते. चकतीचा स्क्रू घट्ट करायचा, नाहीतर आठवड्यात फिरते. शेवटी प्रत्येक जोडाला परत साबण. काडी पेटवून लीक बघणारा माणूस अजून आमच्या गल्लीत आहे, त्याच्यापासून लांब राहा.

३ जुलै

हूड. अमेरिकेतल्या आगीपासून बचावाच्या कोडमध्ये, एनएफपीए ९६ मध्ये, चारब्रॉयलर असेल तर फिल्टर जाळीपासून कमीत कमी ४ फूट वर आणि डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, दर तीन महिन्यांनी तपासायचा असं आहे. साध्या स्वयंपाकाला सहा महिने चालतात, पण हे मशीन तेल जाळून धूर करण्यासाठीच आहे. आमचा फिल्टर तीन फुटांवर होता. हूड उचलणं परवडत नव्हतं म्हणून मशीनचं टेबल कापून खाली घेतलं, आता कुक खूश, कमरेला बरं म्हणतो.

फिल्टर आता स्टीलचे, आडव्या पट्ट्यांचे. जाळीदार फिल्टर या मशीनवर नको, तेल धरून ठेवतो आणि भडका आला की पेटतो.

भिंतीवर पावडरचा एकच सिलिंडर होता. तेलाच्या आगीसाठी के टाइप, ओल्या केमिकलवाला, घेतला आणि दाराजवळ लावला, मशीनच्या मागे नाही. आग मशीनला लागली तर मागे हात कोण घालणार.

१२ जुलै

रेडियंट. बाहेरून मागवायचे भाव ऐकून सोडून दिलं. एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडून स्टीलचे करून घेतले, १६ गेजचे, स्वस्तात झाले. तासभर फुल गॅसवर ठेवले आणि सहाच्या सहा केळीच्या पानासारखे वाकले. २७०० रुपये गेले. दुसऱ्यांदा ३ एमएमचे, आणि मुख्य म्हणजे एक टोक अडकवलेलं, दुसरं मोकळं, लांबायला जागा. पहिल्या वेळी दोन्ही टोकं घट्ट बसवली होती, जाडीपेक्षा तेच जास्त नडलं असं फॅब्रिकेटर म्हणतो. मला दोन्ही वाटतं. दुसरा सेट ५५०० ला पडला, अजून सरळ आहे.

तडकलेली जाळी कोल्हापूरला फाउंड्रीत पाठवली. जुनीच जाळी साचा म्हणून वापरली, त्याने आधीच सांगितलं होतं की बीड ओतल्यावर शेकडा एक टक्का आटतं. २१ इंचाला पाचेक एमएम कमी आली. कडेवर टेकते, चालून जातं. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्यांना नको म्हटलं, या धगीला तो जोड राहत नाही.

१८ जुलै

ऑगस्टपर्यंत ग्रिल बंदच, म्हणून बर्नर परत काढून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आत ठेवले. नळीत कापडाचा बोळा घालायचा विचार होता पण तो काढायला विसरून कुणीतरी पेटवणार, त्यापेक्षा बर्नरच जागेवर नसलेला बरा. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद, कॅप लावून.

५ ऑगस्ट

बोटी गेल्या, पहिला बांगडा आला, आवाज नाही. उजवीकडे भडका अजून येतो पण बोटभर, तेलकट बांगड्याला तेवढा येणारच, तिथून मासा बाजूला सरकवायचा, पाणी मारायचं नाही.

भिंतीला लावलेलं रोजचं काम असं. पेटवायच्या आधी वाकून जमिनीलगत वास घ्यायचा. पायलट विझला असेल तर सगळं बंद, पाच मिनिटं थांबायचं, मग काडी. ट्रे दर शिफ्टला रिकामा, तळाला थोडं पाणी, आमच्या पाटीवर तसं लिहिलंय, तुमच्या मशीनचं बघून घ्या. रात्री गरम असतानाच पट्टी, पाणी नाही. रेडियंट सोमवारी खरवडायचे. बर्नरच्या तोंडात महिन्यातून एकदा टॉर्च.

एक राहिलंय. तिसऱ्या बर्नरचा पायलट मागच्या दारातून वारा आला की विझतो. पत्र्याचा आडोसा लावून बघितला, तापून वाकडा झाला. मिस्त्री म्हणतो पायलटची नळी पुढे सरकवून घ्या, तो गणपतीनंतर येणार, तोवर दार लावून घेतोय आणि कुक घामाने शिव्या देतोय.